सुटीच्या दिवशीचे बोलावणे

२०२५ च्या श्रावणात आमच्या मंडळाच्या एका जुन्या सभासद कुटुंबात सत्यनारायणाची पूजा होती. यजमान डॉक्टर. इंदुरात चाळीस वर्षे त्यांनी दवाखाना चालविला. रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली आणि डॉक्टर उठले नाहीत, असे त्यांच्या गल्लीत कोणास आठवत नाही. त्यांचा मुलगा एका विमानकंपनीत वैमानिक आहे. तो चार दिवसांच्या सुटीवर घरी आला होता. कथा संपून आरतीची तयारी चालली असता त्याच्या खिशातील फोन वाजू लागला. त्याने एकवार पाहिले आणि फोन पालथा करून बाजूस ठेवला. फोन पुन्हा वाजला; पुन्हा तसाच राहिला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “कंपनीचा आहे, बाबा. उद्याच्या एखाद्या फेरीला वैमानिक कमी पडत असेल. माझी सुटी आहे, पण येता का म्हणून विचारतील.”

“मग उचल आणि काय ते सांग,” डॉक्टर म्हणाले. “दीडशे-दोनशे माणसे विमानतळावर खोळंबणार, आणि तू इथे प्रसाद खात बसणार?”

मुलगा क्षणभर थांबला. “उचलला तर मला नाही म्हणता येणार नाही, बाबा,” तो म्हणाला. “म्हणून उचलत नाही.”

आरती झाली, प्रसाद वाटला गेला, पण बापलेकांत त्या दिवशी पुन्हा बोलणे झाले नाही. आम्ही त्या वेळी मनाने डॉक्टरांच्या बाजूचे होतो. आज पूर्वीइतके तसे राहिलेलो नाही. मत का पालटले, आणि कितपत पालटले, हे येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न दिसावयास वैमानिकांचा आहे. परंतु ज्यांच्या घरात परिचारिका, वीजमंडळातील अभियंता वा एस.टी.चा चालक आहे, त्यांनाही तो परका वाटणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वैमानिकाची सुटी दोन प्रकारची असते. एक कायद्याने सक्तीची. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. त्यांतील पहिला टप्पा १ जुलै २०२५ पासून आणि दुसरा १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणावयाचा होता. त्यांनुसार आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली. ही विश्रांती वैमानिकाने स्वखुशीने सोडतो म्हटले तरी त्यास सोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारची सुटी करारातून वा वेळापत्रकातून मिळते. तिच्यात कायद्याची आडकाठी नसते. कंपनी विचारू शकते आणि वैमानिक होय किंवा नाही म्हणू शकतो. डॉक्टरांच्या मुलाचे पहिले दोन दिवस पहिल्या प्रकारात मोडत होते आणि फोन आला तो तिसऱ्या दिवशी. म्हणजे कायद्याने हात झटकले होते. उरला होता तो निव्वळ नीतीचा प्रश्न.

अमेरिकेत या बाबतीत पद्धतच पडून गेली आहे. माणूस कमी पडला की प्रथम इच्छुकांस विचारावयाचे, जादा दराने वेतन देऊ करावयाचे आणि सेवाज्येष्ठतेने फेरी वाटावयाची. कोणी पुढे आले नाही, तर अनेक कंपन्यांच्या करारांत सक्तीची तरतूद असते. ती मात्र उलट्या क्रमाने चालते. लाभ ज्येष्ठांपासून वाटला जातो आणि सक्ती सर्वांत कनिष्ठापासून सुरू होते. सुटीच्या दिवशी वैमानिकाने फोनजवळ बसून राहिले पाहिजे असे बंधन सहसा नसते. म्हणून सक्ती टाळण्याचा तेथील साधा उपाय तोच, जो आम्ही त्या पूजेच्या दिवशी पाहिला.

आता डॉक्टरांचा पक्ष. तो दुबळा नाही. ज्यास दुर्मिळ विद्या आली आहे, त्याच्यावर त्या विद्येचे ऋण असते. रद्द झालेल्या विमानात कोणी आईच्या अंत्यदर्शनास निघालेला असतो, कोणाची दुसऱ्या दिवशी मुलाखत असते, कोणी शस्त्रक्रियेची तारीख गाठावयास निघालेला असतो. यांतील एकाचेही कंपनीशी भांडण नाही. ज्याच्या एका होकाराने ही सारी माणसे घरी पोचतील, त्याने केवळ ‘हा दिवस माझा आहे’ म्हणून स्वस्थ बसावे काय? आमच्या पिढीस याचे उत्तर पाठ होते: बोलावणे आले की जावे.

या उत्तराला पहिला धक्का बसतो तो झोपेच्या शास्त्राने. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे दाखविले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातापायांचे आणि डोळ्यांचे सहकार्य इतके मंदावते, की रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ते होते. जागरण चोवीस तासांवर गेले की, ते प्रमाण दुपटीच्या घरात जाते. दारू पिऊन आलेल्या वैमानिकास आपण क्षणभरही खपवून घेणार नाही. जागून आलेल्याची मात्र ‘केवढा कर्तव्यदक्ष!’ म्हणून पाठ थोपटू. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याहून गंभीर गोष्ट पुढे आणली. दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्या माणसांची सावधानता एकदोन रात्री मुळीच न झोपलेल्यांइतकी खालावली. पण त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे थकलो आहोत असे वाटत नव्हते. थकव्याने प्रथम कोणती गोष्ट मारली जात असेल, तर थकवा ओळखण्याची शक्ती. म्हणून “मी ठीक आहे, येतो” हा थकलेल्या माणसाचा होकार मनापासूनचा असूनही भरवशाचा नसतो.

या गोष्टीचे मोल काय पडते, हे मंगळुरास दिसले. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान तेथील पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. चौकशी न्यायालयाच्या अहवालानुसार, मुख्य वैमानिक वाटेत दीर्घकाळ झोपलेला होता, आणि त्या झोपेची गुंगी त्याच्या निर्णयशक्तीवर राहिली असण्याचा संभव होता. विमान चुकीच्या उंचीवरून येत आहे हे सहवैमानिकाच्या ध्यानात आले होते. उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे त्याने तीन वेळा सुचविले. ते ऐकले गेले नाही. ही सुटीच्या दिवशीची जादा फेरी नव्हती, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु पहाटेच्या वेळी झोप आणि जाग यांच्या सीमेवर असलेला अनुभवी माणूससुद्धा कसा हतबल होतो, हे समजावयास दुसरे उदाहरण नको. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, ज्यास आपल्या झोपेबद्दल शंका आहे, त्याने नकार देणे हा त्याचा हक्क नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. अमेरिकेतील ४ जानेवारी २०१४ पासूनचे नियम तर प्रत्येक उड्डाणापूर्वी ‘मी कामास योग्य आहे’ असे वैमानिकाने स्वतः नमूद करावे असे सांगतात. ज्याला खरे ‘होय’ लिहावयाचे आहे, त्याला ‘नाही’ म्हणण्याचीही मुभा असलीच पाहिजे.

पण येथेच थांबलो तर आम्ही अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. सुटीचा प्रत्येक दिवस झोपेसाठी लागतो असे नाही. दोन रात्री पोटभर झोपून तिसऱ्या दिवशी प्रसन्न मुद्रेने आरतीस उभा असलेला तो तरुण थकलेला नव्हता. सुरक्षिततेचे कारण त्याच्यापुरते तरी लागू पडत नव्हते. सुदृढ माणसाने आपला दिवस आपल्यापाशी ठेवावा काय, हा खरा प्रश्न.

याचे उत्तर देण्यापूर्वी बोलावणे कशामुळे आले हे पाहिले पाहिजे. १९९० साली इराकने कुवेत व्यापल्यावर तेथील भारतीय रस्त्यावर आले. अम्मानहून एक लाखाहून अधिक देशबांधवांना एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले; सुमारे दोन महिने फेऱ्या चालू होत्या. तशा प्रसंगी विश्रांत आणि सक्षम वैमानिक ‘आज माझी सुटी आहे’ म्हणून घरी बसला असता, तर त्यास आम्ही दोषच दिला असता. संकट कोणी योजिलेले नव्हते. त्यावर दुसरा इलाज नव्हता. आणि ते संपणारे होते. या तीन खुणा जेथे आढळतील, तेथे डॉक्टरांचे उत्तर आजही खरे आहे.

याच्या शेजारी २०२५ चा डिसेंबर ठेवून पाहावा. नव्या नियमांचा दुसरा टप्पा लागू होऊन महिना होतो न होतो तोच इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. ५ डिसेंबरच्या एका दिवसात हजारावर. लग्नसराईचे दिवस, विमानतळांवर सामानाचे ढीग पडले आणि माणसे जमिनीवर झोपली. नियम कधी येणार हे कळून बराच काळ लोटला होता. तरी त्यांना पुरेसे वैमानिक कामावर नव्हते. महासंचालनालयानेही नियोजनातील चूक हेच मुख्य कारण असल्याचे म्हटले. आणि उपाय काय झाला? त्याच ५ डिसेंबरला साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही सूचना मागे घेण्यात आली, आणि त्या कंपनीस रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. खोळंबलेल्या प्रवाशांसाठी त्या घटकेस ते आवश्यकही असेल. परंतु हिशेब कसा जुळविला गेला ते ध्यानात घ्यावे: जी तूट योजनेत होती, ती विश्रांतीतून भरून काढण्यात आली.

आपल्या उत्सवातील पालखीचे उदाहरण घेऊ. खांदा देणाऱ्यांपैकी एकास ऐन वेळी ताप आला, तर गर्दीतील कोणीही पुढे होतो. त्यास आमंत्रण लागत नाही, आणि त्याने मागे सरणे शोभतही नाही. पण समजा, व्यवस्थापकांनी दर वर्षी मुद्दामच निम्मे खांदेकरी नेमले आणि ‘गर्दीतून कोणी ना कोणी येईलच’ असा भरवसा धरला, तर? पहिल्या वर्षी पुढे होणारा सेवा करितो. पाचव्या वर्षी त्याच माणसाकडून वसुली चाललेली असते, आणि त्याने नकार दिला की, भक्ती कमी झाली म्हणून बोल मात्र त्यालाच लागतो. जे क्वचित मागितले जाते ते दान; जे नेमाने गृहीत धरले जाते तो कर. दानाचे पुण्य सांगून कर वसूल करणे यात एक प्रकारची फसवणूक आहे. जी कंपनी रोजचे वेळापत्रकच माणसांच्या सुट्या मोडून उभे करिते, तिला ‘प्रवासी खोळंबतील’ हे म्हणण्याचा अधिकार फारसा उरत नाही. प्रवाशांस तिनेच त्या जागी आणून बसविलेले असते.

येथे वैमानिकांच्या पक्षाचीही झाडाझडती घेतली पाहिजे. होकार नेहमी सेवेपोटीच असतो असे नाही. जादा फेरीस जादा पैसा असतो, घराचे हप्ते असतात, आणि थकलेला माणूस लोभाला कर्तव्याचे नाव देऊ शकतो. नकारही नेहमी विश्रांतीपोटी असतो असे नाही. २००० सालच्या अखेरीस अमेरिकेतील डेल्टा कंपनीच्या वैमानिकांची वेतनाची बोलणी चालू होती. जादा फेरी घेणे करारानुसार ऐच्छिक होते. बहुसंख्य वैमानिकांनी एकाच वेळी ती घेणे थांबविले, आणि उड्डाणे धडाधड रद्द होऊ लागली. कंपनी न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने मनाई देण्यास नकार दिला. जानेवारी २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून तेथील विमानकंपन्यांसही लागू आहे, आणि बोलणी चालू असता दोन्ही पक्षांनी चालत आलेली स्थिती बिघडवू नये असे तो सांगतो. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, एकेकट्याने नाही म्हणणे हा त्याचा हक्क असेल. पण सर्वांनी ठरवून नाही म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे.

एकाला जे करण्याची मुभा आहे, ते हजारांनी मिळून केले तर दोष कसा लागतो? आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. केवळ संख्येने कृत्य वाईट होत नाही, असे आम्हांस वाटते. शिवाय, सर्वांनी नाही म्हणताच जे वेळापत्रक कोसळते, ते मुळात कोणाच्या ‘ऐच्छिक’ होकारावर उभे नव्हते, हेही त्यातून उघड होते. परंतु हेतूने कृत्य पालटते. मुलाबाळांत दिवस घालविण्यासाठी घरी राहणारा आणि प्रवाशांची अडवणूक व्हावी म्हणून घरी राहणारा, हे दोघे दिसावयास एकाच खुर्चीत बसलेले असतात. पहिला आपली वस्तू आपल्यापाशी ठेवितो. दुसरा तिसऱ्याच माणसाच्या गळ्यातून आपले मागणे वदवितो. मागणी न्याय्य असली तरी हे भान त्याने सोडू नये. खोटेपणा आला तर तेवढाही आधार राहत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या अनेक वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवून कामावर येणे थांबविले. न्यायालयाने ती सामुदायिक कारवाई ठरवून त्यांच्या संघटनेस पुढे साडेचार कोटी डॉलरांच्या घरात भुर्दंड बसविला. दंडाची रक्कम पुढे विसरली जाते. पण खरोखर आजारी पडणाऱ्या पुढच्या वैमानिकाच्या शब्दावरचा विश्वास जो उडतो, तो सहजी परत येत नाही.

मग तो पालथा ठेवलेला फोन? तो खोटेपणा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुटीच्या दिवशी माणसाचा कान कंपनीच्या मालकीचा नसतो. न उचललेल्या फोनातून कोणतेही असत्य बोलले जात नाही. तरी त्यापेक्षा स्पष्ट शब्दांत दिलेला नकार अधिक चांगला, हेही खरे. फोन करणारासुद्धा नोकर माणूस असतो. त्याला चटकन उत्तर मिळाले तर तो पुढच्याकडे वळतो. पण ‘मला नाही म्हणता येणार नाही’ असे जेव्हा एक कर्तबगार तरुण म्हणतो, तेव्हा केवळ त्याच्या धैर्याची परीक्षा घेऊन भागणार नाही. प्रत्येक नकाराची कोठे तरी नोंद होईल, बढतीच्या वेळी ती निघेल, अशी भीती जेथे असते, तेथे माणसे बोलावयाची थांबतात. ‘नाही’ शब्दाला जेथे शिक्षा आहे, तेथे मौनाचा दोष एकट्या बोलणाराच्या माथी मारता येणार नाही.

डिसेंबरच्या त्या धामधुमीतच, ४ तारखेस, दत्तजयंती होती. संध्याकाळी पाळणा झाल्यावर डॉक्टर मंदिराच्या ओट्यावर आमच्याजवळ येऊन बसले. त्यांची पुतणी दिल्लीच्या विमानतळावर अडकून पडली होती. मुलगा कोठे होता हे त्यांना ठाऊक नव्हते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. एकदा दोन रात्री लागोपाठ बाळंतपणांसाठी जागलो. तिसऱ्या सकाळी एका लहान पोराला मोठ्या माणसाचं प्रमाण लिहून दिलं. कंपाउंडर चिठ्ठी घेऊन परत आला, म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, हे पोराचंच आहे ना?’ मी त्याच्यावर खेकसलो. मग पाहिलं.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “त्या रात्री मी गेलो ते बरोबरच होतं. आमच्या भागात दुसरा डॉक्टर नव्हता. पण दुसरा डॉक्टर का नव्हता, हे मी चाळीस वर्षांत कधी कोणाला विचारलं नाही.”

आमचे मत पालटले ते येथे. मंगळुराच्या सहवैमानिकासही बिचाऱ्याला तेच सांगावयाचे होते जे कंपाउंडरने सांगितले. एकाचे ऐकले गेले, दुसऱ्याचे नाही. आणि डॉक्टरांची जन्मभराची निष्ठा खरी असली तरी तिच्या आड एक प्रश्न झाकला गेला होता. चांगली माणसे नेमाने धावून जातात, म्हणूनच दुसऱ्या माणसाची नेमणूक होत नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. थकलेल्याने जाऊ नये. तेथे प्रवाशांची दया हेही कारण चालणार नाही, कारण त्यांच्यावरच दया करावयाची आहे. विश्रांत माणसाने अनपेक्षित संकटात जावे, आणि सुटीचा हिशेब मांडू नये. परंतु जी उणीव ठरवून ठेविली गेली आहे, ती आपल्या सुटीने झाकण्याचे ऋण कोणावर नाही. तेथे तो गेला तर त्याचा चांगुलपणा, न गेला तर दोष नाही. आणि नकार द्यावयाचा तर तो खऱ्या कारणाने, दुसऱ्याची अडवणूक हा हेतू न ठेवता द्यावा.

आपल्यावरही यातील एक वाटा येतो. विमान रद्द झाले की, खिडकीपलीकडच्या पोरावर ओरडणे सोपे असते. ‘वैमानिकांस सुट्या पाहिजेत, काम नको’ म्हणणे त्याहून सोपे. त्याऐवजी आपण डॉक्टरांचा तो न विचारलेला प्रश्न विचारावा: दुसरा माणूस का नव्हता? आणि घरी आलेल्या मुलाचा वा सुनेचा फोन जेव्हा पूजेच्या वेळी वाजेल, तेव्हा उचल म्हणण्याआधी एवढे तरी विचारावे की, काल रात्री झोप झाली होती काय.